सुताचं दुसरं टोक

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडायचं नाही, कानांत पडायचं आहे. वाचणार तुझी लेक. म्हणून आधी तिलाच दोन शब्द. पोरी, खुर्ची त्याच्या डाव्या बाजूला ओढून घे, मोठ्याने वाच आणि घाई करू नकोस. माझी अक्षरं मध्येच ओळ सोडून खाली घसरली असतील, तिथे चिडू नकोस, पायऱ्या उतरल्यासारखी उतर. माझं नाव ऐकून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं तरी वाचत राहा. तोंड फिरवता येतं, कान फिरवता येत नाहीत. पाकिटात या पानांबरोबर एक कागदी पुडी आहे, ती आत्ता उघडू नकोस. मी सांगेन तेव्हा.

दादा, पाच आठवड्यांपूर्वी तू न्हाणीघराच्या दारात पडलास, उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे मला परवा कळलं. परवा! पाच आठवडे मी इथे रंगाच्या डब्यांची झाकणं पुसत बसलो होतो. तिचं काही चुकलं नाही. ज्या काकाने एकोणीस वर्षं उंबरठा ओलांडला नाही, त्याला कोण कशाला कळवेल? तिने मोजून आठ ओळी लिहिल्यात. सातवीत म्हणते, काका, तुमचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे वळतात, तर एवढ्यात येऊ नका, त्यांना त्रास व्हायला नको. आठव्या ओळीबद्दल शेवटी बोलेन. हे पत्र लिहायला बसलो तो त्या आठव्या ओळीमुळेच.

माझीही बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. (हसलास का? अर्ध्या तोंडाने तरी हस.) माझे डोळे चालले. डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे धरला, गणिताच्या वहीसारखा चौकटींचा, मधोमध एक ठिपका. म्हणाल्या, आजोबा, ठिपक्याकडे बघा आणि सांगा, रेघा सरळ आहेत का? मी बघितलं. ओल्या कपड्यांच्या भाराने दोरी लोंबावी तशा रेघा मधोमध लोंबत होत्या. मी म्हटलं, बाई, तुमच्या छापखान्याची चूक आहे. त्या म्हणाल्या, कागद सरळच आहे हो. मग कार्डावर लिहायला म्हणून त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, सरळ रेघ मारतो. एवढंच? एवढंच, पन्नास वर्षं. बिचारीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. उजव्या डोळ्याने आता माणसाच्या चेहऱ्यात मधोमध भोक दिसतं. डावाही त्याच वाटेला लागलाय. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कडेचं मात्र अजून स्वच्छ दिसतं, दादा. मधलं गेलं आणि कडा राहिल्या. डोळे मिटले की काठाकाठाचं सगळं वर येतं. दुकानाची ती चिंचोळी खोली, टर्पेंटाइनचा वास, वाळत घातलेले बोर्ड, आणि दातांत ब्रश धरून भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवणारे आप्पा. गावातल्या सगळ्या दुकानांना त्यांनी नावं दिली, आपल्या दुकानाला मात्र देता आलं नाही. आपला बोर्ड आठवतो ना? पांढरा रंग देऊन झाला, ओळ मारून झाली, आणि अक्षरं टांगायची राहिली. फुरसत मिळाली की टांगू, असं म्हणत आप्पांनी तो तसाच दारावर चढवला. तीस वर्षं तो तसाच होता. पांढरा बोर्ड, वरच्या अंगाला एक निळी ओळ, आणि खाली काही नाही. लोक म्हणायचे, त्या ओळवाल्याकडे जा. शाळेत मुलं मला चिडवायची, तुमच्या बापाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही का रे? मी रडत यायचो आणि तू म्हणायचास, त्यांना सांग, आमचं नाव अजून ठरलेलं नाही.

टांगणं हा शब्द आपल्याकडचाच. बाकीचं जग अक्षरं लिहितं, आपण टांगायचो. आधी ओळ. नीळ लावलेलं सूत बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, मध्ये चिमटीने उचलायचं आणि सोडायचं. फट् असा एक आवाज. सूत काढून घेतलं की खाली निळी ओळ, केसाएवढी, सरळ. मग तिला एकेक अक्षर लटकवायचं, दोरीवर कपडे घालावेत तसं. कुणी तिला रेघ म्हटलं की आप्पांचं डोकं फिरायचं. रेघ पाटीवर असते, रेषा तळहातावर असते, बोर्डावर असते ती ओळ! एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, मध्ये आप्पा. आणि सूत ताणलेलं असताना बोलायची बंदी, कारण बोललं की श्वास हलतो आणि श्वास हलला की हात. म्हणून आपली झटक्यांची भाषा. एक झटका म्हणजे तयार आहे, ताण धर. दोन झटके म्हणजे सोड. तुझ्या उजव्या हातात कायम ब्रश असायचा, म्हणून सूत डाव्या हातात. उजवा हात अक्षरांचा, डावा ओळीचा, हे आप्पांनी तुला चापट मारून शिकवलं होतं. मला चापट कधी बसली नाही. माझ्या वाटच्या चापटाही तूच खाल्ल्यास.

सातवी झाल्यावर तुझी शाळा सुटली. सुटली म्हणतो मी, सोडवली. दुकानात दोन मोठे हात हवे होते आणि माझे लहान होते. एवढा साधा हिशेब होता, पण त्या हिशेबावर मी पुढे शिकलो, चित्रशाळेत गेलो, जगभर हिंडलो, आणि तू शिडीवर राहिलास. मी शाळेतून येऊन दप्तर फेकायचो आणि त्या दिवशीची कविता तुला म्हणून दाखवायचो. मी आठ वेळा घोकायचो, तू अक्षरात रंग भरता भरता एकदा ऐकायचास आणि तुझी पाठ व्हायची. कवितेच्या बाईंची ती स्वतः केलेली कविता आठवते? पुस्तकातली नव्हे, त्यांनी फळ्यावर लिहून दिलेली. चार कडवी होती, तीन विरून गेली. हे एक तेवढं राहिलंय:

दूर तिथे जी टेकते धरती, निळी निळी ती ओळ,
एक टोक तर माझ्या हाती, दुसरे कुठे रे, बोल?

कदाचित बाईंनी वेगळंच काही लिहिलं असेल आणि इतक्या वर्षांत मीच ती माझ्या सोयीने फिरवून घेतली असेल. पण ऐकल्या ऐकल्या तू शिडीवरून म्हणालास, ओळ आणि बोल? बाईंचं यमक एका पायाने लंगडतंय की रे! मी दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना तसंच सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, तुझ्या दादाला शाळेत परत पाठव. तो निरोप मी तुला दिलाच नाही, दादा. आज देतोय. आप्पा ऐकतील, तुला शाळेत धाडतील आणि मग मला दुकानात बसावं लागेल, अशी भीती वाटली. नऊ वर्षांचा होतो. नऊ वर्षांच्या माणसाला सगळं कळतं.

माझं काम काय होतं, तर अनुस्वार. अक्षरं तुम्ही दोघं टांगायचात आणि शेवटी मला शिडीवर चढवून सांगायचात, दे रे टिंब. म्हणून मी टिंब्या. आज चित्रांच्या जाड जाड पुस्तकांत माझं नाव मोठ्या मानाने छापतात, पण कुणी टिंब्या म्हणून हाक मारल्याला एकोणीस वर्षं झाली. त्या रंगवाल्याचा बोर्ड आठव. सर्व प्रकारचे रंग मिळतील. मी कवितेच्या नादात होतो, रंगावरचं टिंब राहून गेलं, आणि बोर्ड तसाच चढला. सर्व प्रकारचे रग मिळतील! आठवडाभर टवाळ पोरं दुकानात शिरून म्हणत होती, पाव किलो रग द्या हो, जरा ताजी बघून. रंगवाला तावातावाने आला, माझीच रग जिरवायला निघालात काय, म्हणून. तू पुढे झालास आणि म्हणालास, टिंब माझ्याकडून राहिलं. आप्पांना खरं ठाऊक होतं, तरी त्यांनी तुलाच झोडलं. दुसऱ्याच्या बोर्डावर टिंब कुणाचं, यावरून आपल्या घरात झालेली ती पहिली चोरी. दुसरी मी केली. तिच्याकडे येतो आहे. पाय ओढत येतो आहे, पण येतो आहे.

मी ओळ का मारत राहिलो, हे मला हजार लोकांनी विचारलं. मी त्यांना शून्य सांगितलं, क्षितिज सांगितलं, मौन सांगितलं. शिकलेल्या माणसाला समोर माइक आला की काय काय सुचतं! खरं एवढंच आहे की सूत सुटायचं आणि पहिलं अक्षर अजून टांगलेलं नसायचं, तेवढा वेळ मला फार आवडायचा. बोर्ड अजून कुणाचाच नसायचा. न्हाव्याचा होईल, वकिलाचा होईल, कुणाचाही होईल. मग तू ब्रश बुडवायचास आणि तो शिंप्याचा होऊन जायचा, आणि मला आत कुठेतरी वाईट वाटायचं. मला त्या घटकेला थांबायचं होतं. चित्रशाळेत सगळी माणसं, झाडं, फळं काढून मी कंटाळलो आणि एका सुट्टीत घरी येऊन तुला म्हटलं, दादा, सूत धरतोस का, अक्षरं टांगायची नाहीत. तू काही न विचारता टोक उचललंस. पहिल्या प्रदर्शनाला इस्त्रीचा शर्ट घालून आलास, सगळ्या भिंती फिरलास आणि माझ्या कानात म्हणालास, बोर्ड सगळे अर्धेच आहेत रे, गिऱ्हाईक पळून गेलं काय? मी हसलो. मग तू पुन्हा एकदा फिरलास, हात मागे बांधून, आणि म्हणालास, आप्पांचं दुकान आहे हे. तुझ्यानंतर कुणालाही ते ओळखता आलं नाही. एकालाही नाही. शिकलेले सगळे चुकले.

त्यानंतर सव्वीस वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी, सकाळी तू यायचास. चप्पल दाराबाहेर, पिशवीत तुझा स्वतःचा टॉवेल, आणि सूत तूच नीळ लावून आणलेलं, कारण माझ्या हातची नीळ तुला गाठी-गाठीची वाटायची. दिवसभरात आपण एखादीच ओळ मारायचो. कधी तीही नाही. तू टोक धरून उभा, मी या टोकाला, मध्ये बारा हात पांढरं. बोलायचं नाही. बाहेर रस्त्यावर भोंगे, भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, आणि आत आपण दोघं एका सुतावर. एक झटका तुझा, एक माझा. मग मी वाकून चिमटीने सूत उचलायचो आणि सोडायचो. फट्. मग तू टोक गुंडाळत म्हणायचास, झाली रे तुझी ओळ, आता चहा टाक. चित्रकार म्हणून मी जगलो म्हणतात, त्यातलं खरं जगणं एवढंच.

आणि तो दिवस. पोरी, आता जरा हळू वाच.

मोठं प्रदर्शन होतं, परदेशातून लोक यायचे होते, आणि मी आठ रात्री धड झोपलेलो नव्हतो. सर्वांत मोठा कॅनव्हास शेवटी घेतला. ओळ सुरेख पडली. मी भिंतीला टेकून बसलो आणि बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती लोकांच्या आवाजाने. संयोजक दोन पाहुण्यांना घेऊन आले होते आणि गाडी खाली उभी होती. मी चित्राकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. ओळीच्या वर, उजव्या टोकाकडे, एक टिंब होतं. काळं, शर्टाच्या गुंडीएवढंही नव्हतं, एका फटक्यात मारलेलं, वाटोळं. तू ब्रश हातात घेऊन उभा होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. तू म्हणालास, टिंब्या, तुझी ओळ आणि टिंबाशिवाय? हे कसलं! माझ्या वाढदिवसाची तारीख होती ती. मला आठवण नव्हती. तुला होती.

मी काय बोललो ते तुला पाठ असेल, तुझी एकदा ऐकून पाठ होते. मी म्हणालो, बोर्ड रंगवणाऱ्याने बोर्ड रंगवावेत, चित्राला हात लावू नये. पाहुण्यांकडे वळून हेही म्हणालो, माफ करा, हा आमचा कामावरचा माणूस आहे. दादा, पहिलं वाक्य रागाचं होतं. दुसरं नव्हतं. ते मी शांत आवाजात, नीट शब्द निवडून म्हणालो. तुझ्या शर्टावर रंगाचे डाग होते, पायात चप्पल नव्हती, आणि मला त्या परदेशी लोकांपुढे तुझी लाज वाटली. एकोणीस वर्षं मी भांडणाला टिंबाचं भांडण म्हणत आलो. तू टिंबासाठी गेला नाहीस. तू ब्रश पुसलास, टॉवेल पिशवीत घातलास, सूत नीट गुंडाळून स्टुलावर ठेवलंस आणि जिना उतरलास. गुंडाळलंस मात्र नेहमीच्या काळजीने. फेकून गेला असतास तर मला तुझा राग तरी धरता आला असता.

टिंब खरवडायला वेळ उरला नव्हता. चित्र तसंच गेलं. आणि तेच गाजलं. त्या टिंबाने मला मोठं केलं, दादा. पुस्तकाच्या कव्हरवर ते आहे. त्याच्यावर लोकांनी प्रबंध लिहिले. विचारणाऱ्याला मी एकदा सांगितलं, तो सूर्य आहे. एकदा सांगितलं, ते माणसाचं एकटेपण आहे. एकदा तर सांगितलं, ते मौनाचं उच्चारण आहे, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रंगवाल्याच्या बोर्डावरचं माझं राहिलेलं टिंब तू आपल्या नावावर घेतलंस आणि मार खाल्लास. तुझं दिलेलं टिंब मी माझ्या नावावर घेतलं आणि हार घालून घेतले.

तू गेल्यावर मी दुसरं टोक भिंतीत खिळा ठोकून त्याला बांधलं. नवं सूत आणलं, नवी नीळ. ओळ सरळ यायची, अगदी सरळ. पण खिळा झटका देत नाही. मी या टोकाला उभा राहून वाट बघायचो आणि पलीकडून काही यायचं नाही. तीन वर्षं तशा ओळी मारल्या आणि मग एक दिवस मारल्याच नाहीत. पुढची सोळा वर्षं नुसता पांढरा रंग. थरावर थर, पांढऱ्यावर पांढरा. अभ्यासक म्हणाले, आता यांनी रेषेचाही त्याग केला, ही साधनेची शेवटची पायरी. त्याग कसला, मेल्यांनो, टोक धरायला माणूस नव्हता!

वहिनी गेली तेव्हा मी आलो होतो. तुला हे ठाऊक नाही. गल्लीच्या तोंडाशी तू रंगवलेला त्या छापखान्याचा बोर्ड आहे ना, त्याच्याखाली उभा राहिलो. तुमच्या दारात माणसं जमलेली दिसत होती. वहिनीने मला शेवटपर्यंत भावोजी म्हणून पत्रं लिहिली, प्रत्येकात एकच वाक्य, तुम्ही धाकटे, तुम्हीच या. मी पाऊण तास त्या बोर्डाखाली उभा होतो. त्यावरची अक्षरं वाचत होतो. तुझ्या अक्षरांची पोटं कशी भरलेली, शेपट्या कशा वळलेल्या. मग घरी परत गेलो. सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात संग्रहालयात माझी सगळी चित्रं लावणार आहेत, आणि दारातच ते टिंबवालं. परवा पोरीचं पत्र आलं आणि मी तिथल्या मुख्य बाईंना फोन केला. म्हटलं, चित्राशेजारच्या पाटीवर असं लिहा: ओळ दोघा भावांची, टिंब थोरल्याचं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, सर, तुम्ही हे गमतीने म्हणताय का? मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, पण मग त्या टिंबाचा अर्थ काय लावायचा? मी सांगितलं, अर्थ असा की त्या दिवशी माझा वाढदिवस होता. पाटी तशी लागेल, दादा. तुला खूश करायला हे सांगत नाही. एकोणीस वर्षं उशिरा दिलेल्या वस्तूने कुणी खूश होत नाही, हे मला कळतं.

काल मी एकट्याने ओळ मारून पाहिली. खिळ्याला सूत बांधलं, उचललं, सोडलं. ओळ पडली की नाही, मला कळेना. मधोमध बघावं तर भोक, बाजूला बघावं तर लाट. घरकामाच्या बाईंना हाक मारली, जरा बघता का, सरळ आहे का? त्या पदराला हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, कुठली ती, आजोबा? इथे तर तीन आहेत. दोन त्याआधी कालच मारून पाहिलेल्या होत्या. मी पुसल्या असं समजत होतो. बाई गेल्यावर मी सगळे कॅनव्हास उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले. आता या खोलीत सगळी चित्रं पाठमोरी उभी आहेत आणि मध्ये मी. रडायलाही डोळे लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगायला हवं होतं. आयुष्यभर एकच गोष्ट केली आणि तीही एकट्याची नव्हती. तू गेलास तर माझ्या मागे नुसता पांढरा रंग उरेल.

आता ती आठवी ओळ. पोरी, तू लिहिलंस की बाबा दिवसभर डाव्या हाताच्या चिमटीत चादरीचा काठ धरतात, ताणतात, थांबतात आणि सोडतात; नर्स म्हणते, ही अस्वस्थता आहे, हाताला काहीतरी द्या. पोरी, ती अस्वस्थता नाही. उजवा गेला तो अक्षरांचा होता. ओळीचा हात शाबूत आहे. आता ती पुडी उघड. सूत आहे त्यात, त्याने स्टुलावर गुंडाळून ठेवलेलं तेच, मी एकोणीस वर्षं उलगडलेलं नाही. नीळ अजून सुटते, चादरीला डाग पडेल, पडू दे. एक टोक त्याच्या डाव्या चिमटीत दे, दुसरं तुझ्या हातात धर, पार दारापर्यंत मागे जा आणि ताण. मग एक झटका दे, माझ्या वतीने. दादा, तू भिंतीकडे वळतोस ते रागाने की आजवर आपण कोऱ्या भिंतीकडे बघत आलो तसं, हे मला इथून कळत नाही. म्हणून विचारतो. एक झटका दिलास तर पोर मला कळवेल आणि मी पहिल्या गाडीने येतो. कॅनव्हास आणत नाही, तुझ्या खाटेसमोरची भिंत पुरे. तू टोक धर, ओळ मी मारतो, आणि सरळ आहे का ते तू डोळ्यांनी सांग, कारण माझे खोटं बोलतात. एक आडवा, एक आंधळा, आपलंही यमक लंगडंच जुळेल. दोन झटके दिलेस तर सोडतो. तक्रार करणार नाही, तुला तो हक्क आहे. आणि पोरी, झटका लगेच आला नाही तर हात खाली घेऊ नकोस. सूत तसंच ताणून धर आणि थांब. ताणलेलं असताना बोलायचं नसतं. मीही आता बोलत नाही.

तुझाच,
टिंब्या